विंडोज कॉम्प्युटरचा पूर्ण बॅकअप कसा घ्यायचा? क्लोनझिला आणि रेस्क्यूझिलाची सोप्या मराठीत माहिती



नवा फोन घेतला की आपण त्यात गुगल अकाउंट टाकतो. बॅकअप चालू असेल तर कॉन्टॅक्ट, फोटो, ॲप्स सगळं हळूहळू परत येतं. या सवयीमुळे आपल्याला वाटतं की कॉम्प्युटरचंही असंच होत असेल. तसं होत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली तर बहुतेक ठिकाणी सगळं काम शून्यापासून सुरू करावं लागतं.

मी हिंगोली जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक कॉम्प्युटर पोट भरणारे असतात: कुणाच्या सेतूचा, कुणाच्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानाचा, कुणाच्या मोंढ्यातल्या हळदीच्या अडतीचा. आणि तो घेऊन येतो दुकानदाराचा मुलगा किंवा मुलगी, कारण घरात "त्यातलं कळणारं" तेच एक असतं. तुम्ही तसे असाल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. यात आपण डिस्क इमेज म्हणजे काय, ती लिनक्सच्या फुकट टूलने कशी घ्यायची, आणि गरज पडली तर परत कशी टाकायची, हे सगळं बघू.

फाइल कॉपी केल्या म्हणजे बॅकअप झाला का?

अर्धाच झाला. पेनड्राइव्हमध्ये कॉपी केलेल्या फाइल वाचतात, पण काम करणारा कॉम्प्युटर वाचत नाही. हा फरक उदाहरणाने बघू.

सेतूचा कॉम्प्युटर घ्या. जूनमध्ये दाखल्यांसाठी रांग लागते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर. त्याच दिवसांत डिस्क गेली, आणि फाइल सगळ्या पेनड्राइव्हवर आहेत असं समजा. तरीही नवी डिस्क टाकून विंडोज टाकायचं, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, अंगठा घेणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर आणि त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या सेटिंग, हे सगळं पुन्हा बसवायचं. यात दोन दिवस सहज जातात. तेवढ्यात ॲडमिशनची तारीख निघून गेली तर नुकसान दुकानदाराचं कमी आणि दाखल्यासाठी थांबलेल्या पोराचं जास्त.

डीटीपीच्या दुकानात तर वेगळीच गंमत असते. लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइल बहुतेक युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये त्या टाइप केलेल्या असतात. अशा फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, आणि तो ठरावीक फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट नसेल तर "चि. सौ. कां." च्या जागी नुसता कचरा दिसतो. म्हणजे फाइल वाचली, पण ती वाचता येत नाही!

अडत दुकानात टॅलीचा डेटा, त्याचं लायसन्स, बिलाच्या प्रिंटरची सेटिंग, हाच प्रकार. म्हणून अख्ख्या डिस्कचा बॅकअप लागतो.

डिस्क इमेज म्हणजे काय?

डिस्कवर जे जसं आहे तसंच्या तसं एका फोल्डरमध्ये भरून ठेवणं म्हणजे डिस्क इमेज. यात विंडोज, ड्रायव्हर, फाँट, सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवरचे आयकॉन, सगळं येतं. आपल्याला एरवी न दिसणारे छोटे पार्टिशनही येतात. कॉम्प्युटर चालू होताना लागणारा ईएफआय पार्टिशन त्यातलाच. ही इमेज नव्या डिस्कवर परत टाकली की कॉम्प्युटर इमेज घेतली त्या दिवशी जसा होता तसा उभा राहतो.

५०० जीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीची होते का? नाही. ही टूल आतमध्ये पार्टक्लोन नावाचा प्रोग्रॅम वापरतात. डिस्कचा कोणता भाग भरलेला आहे हे त्याला कळतं, आणि तो तेवढाच भाग घेतो. १२० जीबी भरलेले असतील तर तेवढेच, आणि कॉम्प्रेशनमुळे त्याहून कमी. फोटो आणि व्हिडिओ मात्र आधीच दाबलेले असतात, ते फारसे कमी होत नाहीत.

मग यात लिनक्स कशाला?

विंडोज चालू असताना त्याच्या कितीतरी फाइल सतत बदलत असतात, काही तर कुलूपबंद असतात. विंडोजच्या आतून इमेज घेणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्याकडे यावर उपायही आहे. पण सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे विंडोजला झोपू द्यायचं आणि बाहेरून काम करायचं. पेनड्राइव्हवरून एक छोटं लिनक्स चालू करायचं. ते रॅममध्ये चालतं, तुमच्या डिस्कवर इन्स्टॉल होत नाही. काम झालं की पेनड्राइव्ह काढा, विंडोज आहे तसं चालू. आणि विंडोज उघडतच नसेल त्या दिवशीही हाच पेनड्राइव्ह कामाला येतो.

लिनक्सचं नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळांचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर तपासला जातो तेही लिनक्सवर चालतात, आणि त्याच लायगोची भारतातली प्रयोगशाळा आपल्या औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.

दुसरं कारण पैशाचं. विंडोजमधली स्वतःची "सिस्टीम इमेज" सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मोडीत काढायच्या यादीत टाकली आणि दुसऱ्या कंपन्यांची टूल वापरा असं सुचवलं. मॅक्रियम रिफ्लेक्ट नावाचं चांगलं फुकट सॉफ्टवेअर होतं, त्याची फुकट आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. लिनक्सची ही टूल मात्र मुक्त सॉफ्टवेअर आहेत. उद्या कुणी पैसे मागितले म्हणून तुमची जुनी इमेज अडकून पडणार नाही.

क्लोनझिला की रेस्क्यूझिला?

क्लोनझिला तैवानच्या एनसीएचसी या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालं. एका इमेजवरून लॅबमधले अनेक कॉम्प्युटर एकदम तयार करण्याची सोयही त्यात आहे. शाळा-कॉलेजच्या लॅबला ते वरदानच. पण त्याचा स्क्रीन म्हणजे निळ्या पट्ट्या आणि इंग्रजी मजकूर. माउस नाही, ॲरो की, स्पेस आणि एंटरने चालायचं.

रेस्क्यूझिला उबुंटूवर आधारलेलं आहे. त्यात माउस चालतो, मोठी बटणं आहेत: बॅकअप, रिस्टोअर, क्लोन, व्हेरिफाय. क्लोनझिलाने घेतलेली इमेज त्याला वाचता येते आणि त्याची इमेज क्लोनझिलाला. पहिल्यांदाच करत असाल तर रेस्क्यूझिलाच घ्या. खालच्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

काय काय लागेल?

१. ४ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. यावरचं सगळं पुसलं जाईल, त्यामुळे रिकामा घ्या.
२. एक्स्टर्नल हार्ड डिस्क. भरलेल्या डेटाएवढी तरी जागा हवी. ती एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असावी. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.
३. न जाणारी लाईट! लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर घ्या.

वेळ किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. म्हणजे १०० जीबीला जवळजवळ ५५ मिनिटं. यूएसबी ३ वर १०० एमबीचा वेग मिळाला तर तेच काम १७ मिनिटांत. म्हणून डिस्क शक्यतो निळ्या पोर्टला लावा. जुनी हार्ड डिस्क असेल तर याहून जास्त वेळ धरून चाला.

इमेज घेण्याआधी विंडोजमध्ये तीन कामं

पहिलं काम: फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोजमध्ये "शट डाउन" केलं तरी कॉम्प्युटर पूर्ण बंद झालेला नसतो. पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून तो अर्धवट झोपतो, आणि डिस्क "वापरात आहे" अशी खूण राहते. मग लिनक्स टूल त्या पार्टिशनला हात लावायला नकार देऊ शकतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, त्या वेळेपुरता कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो.

दुसरं काम: बिटलॉकर बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" बघा. चालू असेल तर आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की शोधून कागदावर लिहा. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ही की हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण बूटच्या सेटिंग बदलल्यावर विंडोज तीच मागू शकतं. एन्क्रिप्ट डिस्कचा कोणता भाग भरलेला आहे हे पार्टक्लोनला दिसत नाही, म्हणून रिकाम्या जागेसकट सगळंच कॉपी होतं. एन्क्रिप्शन तात्पुरतं काढून इमेज घेतली तर ती लहान होते. नंतर ते परत चालू करायला विसरू नका.

तिसरं काम: डिस्क तपासा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे सगळं थांबवा. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू नावाचं वेगळं लिनक्स टूल असतं. तिथे आधी डेटा वाचवायचा, इमेज नंतर.

आता इमेज घेऊया

१. रेस्क्यूझिलाच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल डाउनलोड करा. एक-दीड जीबीची असते.
२. बलेना एचर या फुकट सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.
३. कॉम्प्युटर बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेन्यूची की दाबत राहा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुतेक एफ१२, एचपीमध्ये एफ९, आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप.
४. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. भाषा विचारेल, इंग्रजी घ्या. डेस्कटॉप दिसला की एक्स्टर्नल डिस्क लावा आणि रेस्क्यूझिला उघडा.
५. "बॅकअप" दाबा. डिस्कची यादी येईल. इथे सी, डी अशी नावं दिसणार नाहीत. साध्या डिस्कला "एसडीए", नव्या एसएसडीला "एनव्हीएमई" असं काहीतरी दिसेल. गोंधळू नका, शेजारी दिलेली कंपनी आणि साइझ वाचा.
६. सगळे पार्टिशन टिक केलेले राहू द्या. छोटे आहेत म्हणून काढू नका, विंडोज चालू व्हायला तेच लागतात.
७. इमेज कुठे ठेवायची ते विचारेल. एक्स्टर्नल डिस्क निवडा.
८. बॅकअपला नाव द्या. नावात दुकान आणि तारीख असू द्या, सहा महिन्यांनी आठवत नाही.
९. कॉम्प्रेशनची सेटिंग आहे तशी ठेवा, नेक्स्ट करा आणि चहा प्यायला जा.

यादीत तुमची डिस्क दिसलीच नाही तर? काही लॅपटॉपमध्ये बायोसमधली स्टोरेज सेटिंग इंटेल आरएसटी किंवा रेड मोडवर असते, आणि मग लिनक्सला एसएसडी दिसत नाही. ती सेटिंग घाईने बदलू नका, विंडोज चालू व्हायचं बंद होऊ शकतं. आधी जाणकाराला विचारा.

इमेज तपासल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका

काम संपलं की "व्हेरिफाय" दाबून इमेज तपासा. फाइल खराब झाली असेल तर इथेच कळेल. पण एवढ्याने पूर्ण खात्री होत नाही. खरी परीक्षा म्हणजे इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकून कॉम्प्युटर चालू करून बघणं. जमत असेल तर एक वेगळी एसएसडी आणा, जुनी डिस्क काढून ठेवा, नव्यावर इमेज रिस्टोअर करा. चालू झालं तर इमेज पक्की, आणि हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यामुळे दुकानाचा कॉम्प्युटरही पळायला लागेल.

रिस्टोअर करताना दोन गोष्टी पाठच करा.

एक, रिस्टोअर म्हणजे ज्या डिस्कवर टाकतोय तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार. साइझ आणि कंपनी दोनदा वाचा. शक्य असेल तर बाकीच्या डिस्क काढूनच ठेवा.

दोन, नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. ५०० जीबीच्या डिस्कची इमेज २५६ जीबीच्या एसएसडीवर सरळ बसत नाही, आत डेटा १०० जीबीचाच असला तरी. दुकानातून डिस्क आणण्याआधी हे बघा.

इमेज घेतली, आता डिस्क काढून ठेवा

बरेच जण एक्स्टर्नल डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवतात. यात धोका आहे. रॅन्समवेअर व्हायरस आला तर तो जोडलेल्या सगळ्या डिस्कवरच्या फाइल लॉक करतो, तुमच्या इमेजसकट.

याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. जहाज वाहतुकीतली मर्स्क ही बलाढ्य कंपनी त्यात सापडली, आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कची मुख्य माहिती ज्या सर्व्हरवर होती, त्यांच्या प्रती एकमेकांशी जोडलेल्या असल्याने सगळ्याच गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तर त्या वेळी तिथली लाईट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता!

लाईट जाण्याचा असा फायदा आपल्याला दर वेळी होणार नाही. म्हणून इमेज झाली की वायर काढा, डिस्क कपाटात ठेवा. दोन डिस्क परवडत असतील तर दुसरी दुकानात न ठेवता घरी ठेवा. जाणकार याला ३-२-१ म्हणतात: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

आणि कपाटाला कुलूप लावा. सेतूच्या इमेजमध्ये अख्ख्या गावाची आधार कार्डं, रेशन कार्डं आणि बँक पासबुकं असतात. ती डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याला हे सगळं उघडता येतं. क्लोनझिलामध्ये इमेजला पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय आहे. लोकांची कागदपत्रं असलेल्या कॉम्प्युटरसाठी तो पर्याय शिकून घेण्यासारखा आहे. फक्त तो पासवर्ड विसरलात तर इमेजही गेली.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इमेज किती दिवसांनी घ्यायची?
नवं विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर टाकून झाली की लगेच एक. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी. पण रोजच्या फाइलचा बॅकअप वेगळा चालूच ठेवा. इमेज मार्चची असेल तर एप्रिलची बिलं तिच्यात नसतात.

विंडोज १० वरून ११ वर जायचंय, आधी इमेज घेऊ का?
नक्की घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण अपग्रेड करतायत. जुना प्रिंटर किंवा अंगठ्याचं मशीन ११ वर चाललं नाही तर इमेजमुळे तासाभरात मागे येता येतं.

एका कॉम्प्युटरची इमेज दुसऱ्यावर टाकू का?
अगदी त्याच मॉडेलवर बहुतेक वेळा चालते. वेगळ्या मशीनवर ड्रायव्हरची आणि विंडोजच्या ॲक्टिव्हेशनची अडचण येऊ शकते.

कॉम्प्युटरच बंद आहे, मग पेनड्राइव्ह कशावर बनवू?
फोनवर! एचड्रॉइड नावाचं मुक्त अँड्रॉइड ॲप आहे. आयएसओ फोनमध्ये डाउनलोड करा, ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावा, ॲप ती त्यावर लिहून देतं. फोनला रूट करावं लागत नाही.

शेवटी एवढंच

मित्रांनो, कॉम्प्युटर बिघडणार की नाही हे आपल्या हातात नाही. तो बिघडल्यावर दुकान दोन तास बंद राहणार की दोन दिवस, हे मात्र आपण ठरवू शकतो. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी पहिली इमेज घ्या. पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवून त्यावर "रेस्क्यूझिला" लिहा, एक्स्टर्नल डिस्कवर कॉम्प्युटरचं नाव आणि तारीख लिहा, आणि या दोन वस्तू कुठे ठेवल्यात ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा. तुम्ही शिकायला संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलात आणि इकडे डिस्क गेली, तर फोनवरून वडिलांना एक एक पायरी सांगता यायला हवी. त्यासाठी या वस्तू त्यांना सापडल्या पाहिजेत.